खान्देशातल्या छोट्या दवाखान्यात डिजिटल कवळी कशी करावी

स्कॅनर आणि थ्री-डी प्रिंटर विकणारा प्रतिनिधी जळगावात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, दोन व्हिजिटमध्ये कवळी." तो खोटं बोलत नाही. फक्त त्या दोन व्हिजिटमध्ये काय काय कोंबावं लागतं, ते सांगत नाही. हा लेख त्याबद्दल आहे. ज्यांचा दवाखाना चोपडा, शहादा, पाचोरा, साक्री अशा गावी आहे, ज्यांची लॅब दुसऱ्या शहरात आहे आणि पूर्ण कवळीचे पेशंट सारखे नसले तरी येत राहतात, अशा डेंटिस्ट मित्रांसाठी तो लिहिला आहे. लॅबमधल्या टेक्निशियनलाही यातला निम्मा भाग कामाला यावा. यासाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. सुरुवातीला तर घेऊच नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिजिटलमुळे माप सोपं होत नाही, आणि जॉ रिलेशन, म्हणजे वरच्या-खालच्या जबड्यांचा मेळ ठरवणं, तर मुळीच नाही. फायदा तीन ठिकाणी दिसतो. बेस, म्हणजे कवळीचा हिरडीवर बसणारा गुलाबी भाग, कमी आकसतो, ट्रायल (पक्की करण्याआधी तोंडात घालून बघायची कवळी) मेणाऐवजी कडक रेझिनची मिळते आणि फाइल आपल्याकडे राहते. धडगावहून किंवा नवापूरहून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला या तिसऱ्या गोष्टीचं मोल सगळ्यात जास्त.

नेहमीच्या कवळीत गडबड कुठे होते

नेहमीच्या हीट-क्युअर, म्हणजे उष्णतेने पक्क्या होणाऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पावडर आणि लिक्विड आकारमानाने ३:१ घेतात. ते मिश्रण क्युअर होताना आकारमानाने सुमारे ७ टक्के आकसतं. हे आकसणं सगळीकडे सारखं होत नाही. फ्लास्क, म्हणजे कवळीच्या साच्याचा डबा, थंड होताना ताण अडकून राहतो आणि वरच्या कवळीत फट पडते ती टाळूच्या मागच्या कडेला, मधोमध. नेमकी तिथेच हवाबंद कड हवी असते. त्यात पॅकिंग करताना फ्लास्क पूर्ण मिटला नाही, तर चाव्याची उंची वाढते आणि कवळी बसवताना तुम्ही तासभर दात घासत बसता.

मिलिंगची, म्हणजे मशीनने कवळी कोरून काढायची, डिस्क कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन आधीच पक्की झालेली असते. आकसणं तिथेच उरकलेलं असतं, मशीन फक्त कोरतं. म्हणून मिल केलेल्या कवळीची टाळूवरची पकड पहिल्याच दिवशी जाणवते, आणि पक्कं न झालेलं लिक्विड, म्हणजे उरलेला मोनोमर, कमी असल्याने तोंडात आगही कमी होते. प्रिंटचं गणित वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. जपानमध्ये माएदा आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली लेझर लिथोग्राफीने पूर्ण कवळी छापण्याचा प्रयोग करून दाखवला होता. दवाखान्यात रोज वापरता येईल इतकी साधनं तयार व्हायला मात्र त्यानंतर दोन दशकं लागली.

पेशंट निवडताना

पहिल्या काही केस सोप्या घ्या. हिरडीचा उंचवटा बरा आहे, लाळ ठीक आहे, आणि जुनी कवळी आहे जी घासली गेली आहे पण पेशंटला तिची सवय आहे, असा माणूस उत्तम. सगळी वरची हिरडी समोरून लुसलुशीत झालेली, खालचा जबडा सपाट होऊन जिभेबरोबर उचलला जाणारा, किंवा टाळूला आरसा लागला तरी उमासे येणारा पेशंट आधी नेहमीच्या पद्धतीने करा. डिजिटलने या अडचणी सुटत नाहीत, फक्त त्या स्क्रीनवर सुंदर दिसतात.

तोंड तपासताना मिसरी आणि तंबाखूची विचारपूस करा. आपल्याकडे आजीबाईंच्या ओठाच्या आत, मिसरी जिथे धरतात तिथे, पांढरा किंवा सुरकुतलेला पट्टा सापडतो. तो आधी नीट बघा आणि शंका आली तर तज्ज्ञाकडे पाठवा, मग कवळीचं बोला. साखर वाढलेली असेल तर तीही आधी ताब्यात आणायला सांगा. जुनी कवळी रात्रंदिवस घालून टाळू लाल झालेली असेल, तर माप घेण्यापूर्वी कवळी काही दिवस बाहेर ठेवायला सांगा. सुजलेल्या टाळूचं माप अचूक आलं तरी ते सुजेचंच माप असतं.

माप: स्कॅनर की ट्रे

तोंडातला स्कॅनर एकामागून एक चित्रं घेतो आणि ती एकमेकांना जोडत जातो. जोडायला त्याला खुणा लागतात. दात असले की खुणाच खुणा मिळतात. बिनदाताच्या तोंडात ओली, गुळगुळीत, हलणारी त्वचा असते. वरच्या जबड्यात टाळूच्या वळ्या असल्यामुळे काम निभतं, खालच्या जबड्यात स्कॅन हमखास भरकटतो. त्याहून मोठी अडचण कडेची आहे. गाल ओढून धरल्याशिवाय स्कॅन करता येत नाही, आणि ओढलेल्या गालाची खोली ही बोलताना-चावताना असणारी खोली नसते. टाळूच्या मागच्या भागात किती दाब सहन होतो, हेही प्रकाशाला कळत नाही.

म्हणून माझा सल्ला जुनाच आहे. त्या पेशंटच्या मापाचा स्पेशल ट्रे, ग्रीन स्टिकने (गरम करून मऊ होणाऱ्या कांडीने) बॉर्डर मोल्डिंग म्हणजे कडेचा आकार घेणं, त्यावर झिंक ऑक्साइड पेस्ट किंवा लाइट बॉडी हे पातळ मापाचं मटेरिअल. आणि मग ते माप स्कॅन करा. एक सोय डिजिटलची इथे घेता येते. प्राथमिक माप स्कॅन करून लॅबने स्पेशल ट्रे छापून दिला, तर त्याची कड सगळीकडे खाचेपासून २ मिमी आखूड आणि जाडी सारखी मिळते. हाताने केलेल्या ट्रेला तोंडात घासत बसण्याचा वेळ वाचतो.

माप स्कॅन करताना कटाक्षाने पाळायची गोष्ट म्हणजे फक्त आतली बाजू स्कॅन करू नका. कडेवरून वळून बाहेरची बाजूही घ्या, ३६० अंशांत. बॉर्डर मोल्डिंग करून तुम्ही कडेला जी २-३ मिमी जाडी आणि गोलाई मिळवलेली असते, ती बाहेरची बाजू नसेल तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. मग कड पातळ येते, हवा शिरते, आणि दोष मशीनला जातो. चकचकीत किंवा गडद मटेरिअलवर स्कॅनर चाचपडतो. स्कॅन स्प्रेचा अगदी हलका थर द्या, जाड दिलात तर तोच मापात जमा होतो.

लॅब लांब असेल तर उन्हाळ्यात माप पार्सलने पाठवू नका. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो आणि कुरिअरच्या गाडीत त्याहून जास्त. अल्जिनेट (प्राथमिक मापाचं मटेरिअल) तर तोंडाबाहेर काढल्यापासून आकसायला लागतं, त्याला प्रवास घडवूच नये. जवळच्या ज्या लॅबकडे डेस्कटॉप स्कॅनर असेल, तिथे त्याच दिवशी स्कॅन करून फाइल पाठवा. एसटीएल प्रकारची फाइल चालते. रंगासकट हवं असेल तर पीएलवाय द्या.

जुनी कवळी असेल तर

ही वाट मला सगळ्यात आवडते आणि आपल्याकडे ती सगळ्यात कमी वापरली जाते. जुनी कवळी सैल झाली आहे, पण ओठ-गाल बरे दिसतात आणि दातांच्या जागा पेशंटच्या अंगवळणी पडल्या आहेत. अशा वेळी तीच कवळी ट्रे म्हणून वापरा. आतले अडकणारे भाग घासून घ्या, कडा आखूड असतील तर ग्रीन स्टिकने वाढवा, लाइट बॉडी भरा, तोंडात बसवा आणि पेशंटला हळू मिटायला सांगा. मग दोन्ही कवळ्यांमध्ये बाईट मटेरिअल घालून चावा घ्या. कवळ्या बाहेर काढून सगळ्या बाजूंनी स्कॅन करा आणि चाव्यासकट एकत्र स्कॅन करा. लाइट बॉडी सोलून काढा, कवळी स्वच्छ करा आणि पेशंटला परत द्या. माणूस त्याच दिवशी दात घालून घरी जातो.

एका व्हिजिटमध्ये माप, चावा, ओठांचा आधार आणि दातांच्या जुन्या जागा असं सगळं लॅबला मिळतं. जुन्या कवळीची उंची घटलेली असेल तर किती मिलिमीटर वाढवायची ते लेखी कळवा. "थोडी वाढवा" असं लिहिलंत तर लॅबचं थोडं आणि तुमचं थोडं जुळणार नाही.

जॉ रिलेशनला वेळ द्या

बाकी सगळं निम्म्या वेळात उरका, पण इथे खुर्ची रिकामी करायची घाई करू नका. चुकीच्या चाव्यावर मशीन अतिशय नीटनेटकी, चकचकीत आणि निरुपयोगी कवळी बनवून देतं.

पेशंटला ताठ बसवा, मान टेकवू नका. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर ठिपका द्या. दाढी असेल तर हनुवटीचा ठिपका केसांबरोबर हलतो, म्हणून तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून त्यावर खूण करा. घोट गिळायला सांगा, मग "मामा" म्हणायला सांगा आणि ओठ सैल झाल्यावर अंतर मोजा. मिटलेल्या चाव्याचं अंतर यापेक्षा २ ते ४ मिमी कमी हवं. वर्षानुवर्षं घासलेल्या कवळीवर जबडा मिटवून बसलेल्या माणसाची उंची एका झटक्यात पूर्ण भरून काढू नका. गाल भरल्यावर तो आरशात बघून खूश होतो आणि आठवड्याने जबडा दुखतो म्हणून परत येतो.

जबडा मागे नेण्यासाठी हनुवटी ढकलू नका. ढकललं की माणूस उलट पुढे जोर लावतो. जीभ टाळूच्या मागे लावून मिटायला सांगणं हा सोपा उपाय आहे. तापी-गिरणाकाठच्या गावांतून आलेल्या आप्पांना हे पुस्तकी मराठीत सांगितलं की ते नुसती मान हलवतात. "आप्पा, जीभ मांगे टाळूले लावा आनि मंग तोंड मिटा," म्हटलं की जबडा आपोआप जागेवर येतो. दोन-तीनदा मिटवून घ्या. दर वेळी चावा त्याच जागी आला तरच बाईट मटेरिअल भरा. शंका असेल तर गॉथिक आर्क ट्रेसिंग करा, म्हणजे जबड्याच्या हालचालीची बाणासारखी रेघ उमटवून घ्या. बाणाचं टोक स्पष्ट उमटलं की वादच मिटतो.

वरच्या रिमवर, म्हणजे दातांच्या जागी लावलेल्या मेणाच्या पट्टीवर, मधली रेघ, दोन्ही सुळ्यांच्या रेघा आणि हसताना ओठ जिथपर्यंत जातो ती रेघ कोरा. ओठांचा आधार बाजूने बघा. मिशी भरघोस असेल तर ओठ मुळातच पुढे दिसतो, तेव्हा मिशी वर धरून बघा. कान-नाकाच्या रेषेला आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या रेषेला रिम समांतर आहे ना, ते फॉक्स प्लेन या सपाट पट्टीने तपासा. नंतर समोरून ओठ सैल, समोरून हसताना आणि बाजूने असे फोटो काढा. फोटोत डोळे पूर्ण दिसले पाहिजेत, कारण सॉफ्टवेअरमध्ये आडवी रेषा बुबुळांवरून धरतात.

मेणाच्या रिमबद्दल एक इशारा. मॉडेलिंग वॅक्स ४५ अंशांना चांगलंच वाहतं. म्हणजे वैशाखात दुचाकीच्या डिकीत ठेवलेली रिम लॅबला पोहोचेपर्यंत तुमची राहत नाही. रिम तोंडातून काढली की थंड पाण्यात टाका आणि शक्य असेल तर दवाखान्यातच स्कॅन करा. दात नसलेल्या जबड्यात अडखळणारा तोंडातला स्कॅनर हातात धरलेल्या रिमवर आणि बाईटवर बऱ्यापैकी काम करतो.

डिझाइन: लॅबच्या स्क्रीनवर काय बघायचं

सॉफ्टवेअर एक्सोकॅड असो की थ्रीशेप, पायऱ्यांचा क्रम साधारण सारखाच असतो. आधी मापं आणि चावा जुळवायचा, मग खुणा द्यायच्या. वर समोरचा उंचवटा म्हणजे इन्सिसिव्ह पॅपिला, मागे दोन्ही हॅम्युलर नॉच, म्हणजे हिरडीमागच्या खाचा. खाली दोन्ही रेट्रोमोलर पॅड, म्हणजे शेवटच्या दाढेमागचे मऊ उंचवटे. इथे खूण चुकली तर पुढचे सगळे दात वाकडे लागतात, आणि सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. म्हणून डिझाइनचा स्क्रीनशॉट मागवा. बहुतेक लॅब ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल पाठवतात, ती मोबाइलवरही फिरवून बघता येते.

बघायचं ते असं. वरच्या मधल्या दातांची पुढची बाजू पॅपिलाच्या साधारण ८ ते १० मिमी पुढे असावी. खालच्या दाढांची पातळी रेट्रोमोलर पॅडच्या दोन-तृतीयांश उंचीच्या वर जाऊ नये, नाहीतर जीभ दर घासाला कवळी उचलेल. खालच्या दाढा उंचवट्याच्या माथ्यावर आहेत की गालाकडे सरकल्या आहेत, ते वरून बघा. शेवटची दाढ उतारावर लावली असेल तर काढून टाकायला सांगा, कारण उतारावरचा दात कवळीला पुढे ढकलतो. बेसची जाडी कुठेही २ मिमीपेक्षा कमी नको. हे सॉफ्टवेअर रंग दाखवून सांगतं, फक्त तो रंग कोणी बघायला हवा. लाबियल फ्रेनमची (ओठ हिरडीला जोडणाऱ्या पडद्याची) खाच पुरेशी खोल आहे का, हे जरूर तपासा. वरची कवळी मधोमध तडकते ती बऱ्याचदा तिथूनच.

टाळूच्या मागचा सील तुम्ही मापात दाबून घेतला नसेल तर डिझाइनमध्ये द्यावा लागतो. किती आणि कुठे, ते तोंडात बोटाने किंवा बर्निशरने दाबून तुम्हीच ठरवायचं. "आ" म्हणायला लावून जिथे टाळू हलायला लागतो, तिथे खूण करून फोटो पाठवा.

दातांच्या मांडणीत मी खालचा जबडा झिजलेल्या पेशंटला लिंग्वलाइज्ड ऑक्लुजन देतो. वरच्या दाढांचे आतले सुळके खालच्या दाढांच्या खड्ड्यात बसतात, बाहेरचे लागत नाहीत. कवळी कमी डोलते आणि नंतर घासायला सोपी जाते. रंगाच्या बाबतीत पेशंटशी वाद होणार हे धरून चाला. सत्तरीतल्या, उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर सगळ्यात पांढरी शेड कशी दिसते, हे सांगून पटत नाही. दोन शेडचे दात ओठाजवळ धरून आरसा द्या, आणि निवड सुनेसमोर किंवा मुलीसमोर करा. घरी गेल्यावर शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

ट्रायल वगळू नका

दोन व्हिजिटचं आश्वासन इथेच बळी घेतं. ट्रायल गाळली की दोन व्हिजिट होतात आणि मग दुरुस्तीच्या चार. पूर्ण कवळी एकसंध, एकाच रंगात छापून मागवा. खर्च किरकोळ असतो. मात्र ती तोंडात घालण्यासाठी बनवलेल्या ट्राय-इन रेझिनचीच असली पाहिजे. मॉडेल छापायचं रेझिन तोंडात घालायचं नसतं. लॅबला स्पष्ट विचारा आणि रेझिनचं नाव, बॅच नंबर बिलावर लिहून घ्या.

मेणाच्या ट्रायलमध्ये पकड तपासता येत नव्हती, इथे येते. वरची बसवून पुढच्या दातांवर खाली ओढा, मग सुळ्यावर आडवी दाबा. खालची बसवून जीभ बाहेर काढायला सांगा. ओठ ओढून मधली रेघ आणि हसण्याची रेघ बघा.

उच्चारासाठी मराठीसारखी सोय नाही. पेशंटला साठ ते सत्तर मोजायला लावा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सगळीकडे "स" आणि "ष". "स" म्हणताना वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. टेकून टक्-टक् आवाज आला तर उंची जास्त झाली आहे. फारच मोकळी जागा दिसली तर कमी. मग फैजपूर, वरणगाव, वरखेडी म्हणायला सांगा. खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला सहज लागत असेल तर दातांची लांबी ठीक आहे. आकडे न येणाऱ्या आजींना त्यांच्या गावाचं, सासरचं, नातवंडांचं नाव विचारा आणि त्या बोलत असताना दात बघत राहा.

चावा सरकलेला आढळला तर घाबरू नका. दाढांवरचे अडणारे भाग घासून नवा बाईट घ्या, त्याच ट्रायलसह स्कॅन करा आणि डिझाइन दुरुस्त करून घ्या. पकड कमी वाटली तर ट्रायलमध्येच लाइट बॉडी घालून नवं माप घ्या. मेणात हे दोन्ही एकाच बैठकीत जमत नसे.

मिलिंग की प्रिंट

पैसे परवडत असतील आणि पेशंट जोरकस चावणारा असेल, तर वरची कवळी मिल करून घ्या. ९८ मिमी व्यासाच्या डिस्कमध्ये एक कवळी कोरायची म्हणजे बरंचसं मटेरिअल भुशात जातं, म्हणून ते महाग पडतं. प्रिंट स्वस्त आणि जलद आहे, पण ताकदीत सहसा मिलिंगच्या मागे राहतं. आयएसओ २०७९५-१ या मानकात हीट-क्युअर आणि लाइट-क्युअर बेसला वाकण्याची ताकद किमान ६५ मेगापास्कल मागितली आहे. रेझिन घेताना पुरवठादाराकडून हा आकडा आणि भारतातल्या वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालचा परवाना, दोन्ही मागून घ्या.

ज्यांनी प्रिंटर घेतलाच आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. कवळी कोणत्या कोनात उभी करायची, ते रेझिनच्या सूचनापत्रात दिलेलं असतं, तेच पाळा. सपाट झोपवली तर थर कमी लागतात आणि वेळ वाचतो, पण दर थर सुटताना मोठा ताण बसतो आणि बेस वाकतो. सपोर्ट हिरडीकडच्या बाजूला कधीच नकोत. थर ५० किंवा १०० मायक्रॉनचा चालतो. बेससाठी १०० पुरेसा आहे.

आता आपल्या हवेचा प्रश्न. रेझिन बहुधा २५-३० अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. उन्हाळ्यात प्रिंटरची खोली बंद करून दुपारी जेवायला गेलात तर परत येईपर्यंत बाटली तापलेली असते, आणि थंडीत पहाटे छापायला लावलं तर रेझिन घट्ट असल्याने थर सुटतात. खोलीत एसी ठेवा, तो प्रिंटरसाठी आहे असं समजा. वीज जाते हे गृहीत धरून प्रिंटरला स्वतःचा यूपीएस द्या. घरच्या इन्व्हर्टरवर बदल होताना बसणारा क्षणाचा झटकासुद्धा प्रिंट थांबवू शकतो. थांबलेली कवळी पुढे चालू केली तरी जोडाची रेघ राहते आणि तिथेच ती मोडते. तशी कवळी सरळ टाकून द्या.

धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते साध्या तापमानालाही पेट घेतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. खिडकी उघडी ठेवा, झाकण बंद ठेवा, जवळ बन्सन बर्नर किंवा उदबत्ती नको. उदबत्ती मुद्दाम लिहिली आहे, लॅबमध्ये गुरुवारी लावतात. दोन वेगळ्या भांड्यांत धुवा, आधी वापरलेल्यात, मग स्वच्छ. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ बुडवून ठेवलं तर पृष्ठभाग पांढरट होतो आणि सूक्ष्म तडे जातात. पूर्ण वाळल्याशिवाय क्युअरिंगला घालू नका.

दात वेगळे छापले असतील किंवा तयार सेटचे असतील, तर ते खोबणीत बेसच्याच रेझिनने किंवा कंपनीने सांगितलेल्या बाँडने चिकटवून लाइट द्या. खोबणीत अल्कोहोलचा ओलावा राहिला की दात सुटतो, आणि छापील कवळीची सगळ्यात नेहमीची तक्रार हीच आहे. शेवटचं क्युअरिंग ग्लिसरिनमध्ये किंवा नायट्रोजनमध्ये, पूर्ण वेळ. अर्धवट क्युअर झालेल्या कवळीने पेशंटच्या टाळूची आग होते आणि आपण ती अ‍ॅलर्जी समजून औषधं देत बसतो.

बसवताना

पॉलिश फक्त बाहेरून. आतल्या बाजूवर कापसाचा बोळा फिरवा. आपल्या कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे टोचणारा कण आहे, तो बारीक बरने काढा. बोटाला जे लागत नाही ते कापसाला लागतं. मग प्रेशर इंडिकेटर पेस्ट लावून बसवा, आणि जिथे पेस्ट पुसली गेली तेवढंच घासा. चावा आर्टिक्युलेटिंग पेपरने तपासा, दोन्ही बाजूंना एकाच वेळी ठसे यायला हवेत.

दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने बोलवा. लांबच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी येणं जमत नसेल, तर त्याला निदान फोन करायला सांगा. "कवळी हालस" आणि "कवळी टोचस" यातला फरक फोनवर कळतो. टोचत असेल तर येण्यापूर्वी आदल्या दिवशी ती घालूनच ठेवायला सांगा, म्हणजे लाल खूण दिसेल. पात्याने किंवा कानशीने घरी घासू नये, हे बजावून सांगा. घासून आणतात.

खाण्याचं वेळापत्रक इथल्या ताटाप्रमाणे द्या. पहिले काही दिवस खिचडी, फौजदारी डाळ, पिकलेलं केळ, वांग्याचं भरीत. भरिताबरोबर भाकरी वरणात कुस्करून. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. कळण्याची भाकरी आणि बट्टी नंतर, पुढच्या दातांनी तोडायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे खायचे आहेत म्हणून लोक आठवडाभर आधी येतात, त्यांना नव्या कवळीची सवय व्हायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगा. मांडे मऊ असतात, निभतं, पण सोबतच्या कुरडया-पापडांनी हिरडी सोलते.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाणी नाही, मिसरी तर अजिबात नाही, ती वाळूसारखी घासते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. हळदीचा पिवळेपणा छापील बेसवर आणि दातांवर मिलिंगपेक्षा लवकर चढतो, हे आधी सांगितलेलं बरं. धुताना मोरीत पाण्याने भरलेलं पातेलं खाली ठेवायला सांगा, हातातून सुटली तर फरशीवर आपटत नाही.

दुरुस्ती आणि फाइल

मिल केलेली कवळी तडकली तर नेहमीचं सेल्फ-क्युअर (उष्णतेशिवाय पक्कं होणारं अ‍ॅक्रिलिक) तिला चिकटतं. छापील कवळीचं रेझिन वेगळ्या जातीचं असतं आणि नेहमीचं लिक्विड त्यात नीट शिरत नाही. पृष्ठभाग खरवडून, सँडब्लास्ट करून, त्याच कंपनीचं रेझिन किंवा बाँड वापरावं लागतं. रिलाइनलाही, म्हणजे आतून नवा थर देण्यालाही, हेच लागू. म्हणून कोणती कवळी कशाची आहे याची नोंद कार्डावर असलीच पाहिजे. पेशंट दोन वर्षांनी तुमच्याऐवजी दोंडाईचाला दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तर त्याच्याकडचं कार्डच त्या डॉक्टरला वाट दाखवील.

लॅबकडून फक्त कवळी घेऊ नका. मापाचे स्कॅन, चाव्याचा स्कॅन आणि शेवटच्या डिझाइनची एसटीएल फाइल घ्या, हे काम देतानाच ठरवा. नंतर मागितली तर काही लॅब वेगळे पैसे सांगतात. पेशंटचं पूर्ण नाव फाइलच्या नावात नको, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक आणि महिना-वर्ष लिहा. दोन ठिकाणी साठवा, त्यातली एक हार्ड डिस्क दवाखान्याबाहेर.

कवळी हरवली किंवा फुटली तर हीच फाइल परत छापता येते आणि म्हातारा माणूस धडगावहून फक्त बसवायला एकदा येतो. मात्र हिरडी दर वर्षी थोडी झिजत असते. महिन्याभरात हरवली तर तशीच छापा. तीन-चार वर्षं झाली असतील तर फाइलमधून ट्रायल छापा, तिच्यातच नवं माप आणि नवा चावा घ्या, आणि मग पक्की करा. नोंदणी क्रमांक डिझाइनमध्येच कवळीच्या बाहेरच्या बाजूला, गालाकडे, बारीक अक्षरात कोरायला लॅबला सांगा. हॉस्पिटलच्या वॉर्डात एकाच वाटीत दोघांच्या कवळ्या ठेवलेल्या असतात, तेव्हा तो उपयोगी पडतो.